फाहूची जागा

तोंगा बेटांच्या राज्यातल्या कुठल्या उमरावाचा पणजा कुणाच्या पणजीचा धाकटा भाऊ, हे फिनेआसीला झोपेतून उठवलं तरी सांगता यायचं. राजवाड्याने त्याला वंशावळकार म्हणून ठेवलं होतं ते त्यासाठीच. उमरावांच्या घराण्यांना ढालचिन्हंही तोच काढून द्यायचा, आणि उरलेल्या रंगात त्याने एक स्वतःसाठीही काढलं होतं: दोन सिंह, वर मुकुट, खाली लॅटिन ब्रीद. सिंह त्याने जन्मात पाहिला नव्हता. "ही मांजरं भांडतायत का?" असं बायकोने, लाविनियाने, विचारल्यापासून तो ते घरात कुणाला दाखवत नसे.

म्हातारा उमराव वाहाफोलाउ वारला, तेव्हा फिनेआसीने आधी दुःख केलं आणि मग लगेच नाती मोजली. तोंगात बहीण भावापेक्षा मानाने मोठी, आणि बहिणीची मुलं मामाच्या डोक्यावर बसायला मोकळी. मामा गेला की भाचरांतल्या सगळ्यात मानाच्या माणसाने फाहू म्हणून प्रेताच्या उशाशी बसायचं आणि आहेरातल्या चटया, रंगवलेलं सालीचं कापड, हवं ते घरी न्यायचं. पुतण्यांनी मात्र फाटकी चटई कमरेला गुंडाळून मागे चुलाणावर डुकरं भाजायची. फिनेआसीची आई वाहाफोलाउची लांबची बहीण लागायची, म्हणजे हा भाचा. त्याचे वडील वाहाफोलाउचे सख्खे चुलतभाऊ होते, म्हणजे हा पुतण्याही. पण लेखणी ज्याच्या हातात, तो आपल्या वाट्याला धूर कशाला लिहील?

तेव्हा कमरेला उंची चटई गुंडाळून तो उशाशी जाऊन बसला. मयताचा मुलगा सेमिसी याने स्वतःच त्याला तिथे बसवलं. समोर चटयांचा ढीग चढत होता, आणि चेहरा पाडून बसलेला फिनेआसी त्या कुठल्या खोलीत मावतील याचा विचार करत होता.

तेवढ्यात फाटकाशी एक म्हातारी येऊन उभी राहिली. लांबच्या वावाउ बेटावरून बोटीने आली होती. "मी सिउतीसा. आत माझा मामा आहे," एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. सेमिसीला काही ओळख पटेना. उमराव मेला की नाती उगवतात, हे त्याला ठाऊक होतं. तो फिनेआसीकडे वळला.

"दादा, तुम्ही सांगा. ही आपली कुणी लागते का?"

फिनेआसीला ती तोंडपाठ होती. वाहाफोलाउची थोरली सावत्र बहीण एका कोळ्याशी लग्न करून वावाउला गेली, तिची ही एकुलती लेक. वंशावळीत ती होतीच. फक्त ती बोटीत बसेल, असं त्याने धरलं नव्हतं. नाही म्हटलं की विषय मिटत होता. फिनेआसी बायकोशी खोटं बोलला होता, राजवाड्याशीही बोलला होता, पण धडधडीत खोटं नातं सांगायला त्याची जीभ रेटेना. म्हातारी त्याच्याकडे बघतही नव्हती, ती मामाकडे बघत होती. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"तुमच्या थोरल्या आत्याची मुलगी ही, धाकले सरकार. फाहू हीच. जवळचं नातं असताना लांबचं धरत नाहीत."

सेमिसी सरळ माणूस. "मग तुमचं जवळचं कुठलं?" त्याने विचारलं.

राजवाड्याची माणसं ऐकत होती. लाविनियाने मान खाली घातली. तिचे खांदे हलत होते, आणि ती रडत नव्हती.

"वडिलांकडचं," फिनेआसी म्हणाला. "मी पुतण्या. माझी जागा मागे, चुलाणाशी."

उंची चटई सोडून ठेवून त्याने म्हातारीला हात धरून उशाशी बसवलं आणि मागच्या दाराने तो बाहेर पडला. चुलाणाभोवती वडिलांकडचे झाडून सगळे भाऊ होते. टोमणे ऐकायची त्याने मनाशी तयारी केली.

थोरला चुलतभाऊ तोमासी घामाघूम होऊन डुक्कर फिरवत होता. "आलास?" तो म्हणाला. "मेला माझा हात दुखून." मग त्याने वळचणीतून एक धुराने काळी झालेली, फाटकी चटई काढली. "काकांची, तुझ्या बापाची आहे. ते गेल्यापासून प्रत्येक मयताला घेऊन येतो. म्हटलं, कधीतरी शहाणा होशील."

चटईला धुराचा, म्हणजे वडिलांचा वास येत होता. फिनेआसीला रडू आलं, पण तिथे सगळ्यांचेच डोळे पाणावलेले असल्याने ते खपून गेलं. चटई गुंडाळून त्याने दांडा हातात घेतला आणि बघता बघता डुकराची एक बाजू करपवली. तेव्हा तोमासीने त्याच्या बापाचं आणि आजाचं नाव घेऊन, सगळ्यांदेखत, त्याचा उद्धार केला. फिनेआसीची वंशावळ इतकी अचूक आजवर कुणीच सांगितली नव्हती.