पितळी मासा आणि एक पिन

हिलाल मिस्त्रीचा मेव्हणा ललित गोणपाटात गुंडाळलेली वस्तू घेऊन आला, तेव्हा सरलाबाई साडीवर टिकल्या चिकटवत बसली होती. तिला वाटलं, भावाने गावाहून लोणच्याची बरणी आणली. निघालं भलतंच. ताटलीएवढी पितळी तबकडी, तिच्यावर शून्यापासून शंभरापर्यंत आकडे, मधे काटा, मागे एक हूक. सोबत वीतभर लांबीचा पितळी मासा. त्याचे पर तिरके पिळलेले.

"हाई काय शे रे?"

"तेच तर कोणाला कळत नाही, ताई," ललित म्हणाला.

ललित ज्या शेठची गाडी चालवायचा, त्याने मगदल्ल्याच्या बंदरात एक जुनं शिडाचं गलबत विकत घेतलं होतं, लोकांना बघायला ठेवायचं म्हणून. गलबत झाडताना ही वस्तू सापडली. शेठने सगळ्यांसमोर सांगून टाकलं : ही काय आहे ते ओळखून जो चालू करून दाखवेल, त्याच्या ताब्यात गलबतावरची सगळी जुनी यंत्रं. कायमची नोकरी.

"मी म्हटलं, आमच्या दाजींशिवाय कोण ओळखणार? तुम्हालाच शेठपुढे उभं करतो, दाजी."

आता हिलालचंही ऐका. तीस वर्षं त्याने उधन्याच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, यंत्रमाग दुरुस्त केले. आठ महिन्यांपूर्वी मालकाने जुने माग भंगारात घातले, नवे आणले, आणि नव्या मागांना नवे मिस्त्री. तेव्हापासून हिलाल नवागामच्या दीड खोलीत बसून होता. बसलेल्या माणसावर घरातली भांडीसुद्धा आदळतात म्हणतात, ते खोटं नाही. शेजारीण विचारायची, "भाऊ घरीच का?" आणि तो उगाच पिशवी घेऊन बाजाराकडे निघायचा. त्याला काम हवं होतं. त्याहून जास्त हवं होतं ते कोणीतरी म्हणायला, 'मिस्त्रीला बोलवा.'

ललितने मागचं हूक बघून तिला वजनकाटा ठरवलं होतं. कांद्याची पिशवी अडकवून पाहिली, काटा ढिम्म. हिलालने तीन दिवस घासलेट लावून पितळ साफ केलं, झाकण उघडलं, आतली दातेरी चाकं दाढीच्या ब्रशने धुतली. चौथ्या दिवशी हूक ओढायचं सोडून त्याने ते बोटाने फिरवलं. गरागरा फिरवत राहिला, आणि काटा केसभर सरकला.

"अगं सरले! हे तर काउंटर!"

मागावर काउंटर असतं, कापड किती विणलं ते मोजणारं. चाक फिरतं, आकडा वाढतो. हिलालने अशी हजारो उघडून बसवली असतील. इथे मासा दोरीला बांधून गलबतामागे पाण्यात सोडायचा. गलबत चाललं की मासा फिरणार, मासा फिरला की दोरी फिरणार, दोरीने हूक. गलबत किती अंतर कापून आलं ते काटा सांगणार. भल्या भल्यांनी डोकं खाजवलं, आणि गुपित निघालं मागाच्या मिस्त्रीच्या ओळखीचं!

दुसऱ्या दिवशी नवराबायको डिंडोलीच्या कालव्यावर गेले. त्याने मासा वाहत्या पाण्यात सोडला, तिने तबकडी दोन्ही हातांनी धरली. दोरीला पीळ बसला, हूक फिरू लागलं, काटा एकावरून दोनावर आला. "चाललं वो, चाललं!" सरलाबाई नव्या नवरीसारखी हसली. आठ महिन्यांत ती पहिल्यांदा अशी हसली, आणि हिलालला वाटलं, शेठ गेला खड्ड्यात, आपल्याला आपली नोकरी इथेच मिळाली.

घरी येऊन त्याने हूक आणि चाक जोडणारी काडीएवढी पिन काढून विजारीच्या खिशात टाकली. ही मिस्त्रीची सवय. काम अर्धं सोडून उठायचं तर मागाची पिन काढून जवळ ठेवायची. कोणी चुकून माग चालू केला तर आत एखाद्याचा हात असायचा. तबकडी आणि मासा पेटीत ठेवला, पेटीला कुलूप लावलं, आणि किल्ली नेहमीसारखी दाराजवळच्या खिळ्याला अडकवली. ती तिथेच असायची. घरात कोणापासून लपवायचं?

"रविवारी जातो शेठकडे," तो म्हणाला. सरलाबाईने टिकल्यांचा डबा बंद केला. त्याला वाटलं, थकली असेल.

रविवारी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून त्याने पेटी उघडली. पेटीत गोणपाट तेवढं होतं.

"सरले, वस्तू कुठे?"

ती टिकल्या निवडत राहिली. "ललित घेऊन गेला. काल, तुम्ही बाजारात होता तेव्हा."

"किल्ली कोणी दिली?"

"मीच दिली." मग एकदम बांध फुटल्यासारखी बोलू लागली. "सगळं सांगितलं त्याला. काउंटर, मासा, कालवा. पोरीकडचे म्हणतात, ड्रायव्हरला मुलगी देत नाही, कायमची नोकरी दाखवा. आई गेल्यापासून मी कडेवर वाढवलाय त्याला. त्याचं सगळं व्हायचंय अजून. तुमचं काय वो, तुमचं झालं आता."

हिलालने पेटीचं झाकण मिटलं आणि तिच्यावरच बसला. ललितने केसाने गळा कापला असता तर त्याने चार शिव्या घातल्या असत्या आणि विसरला असता. पण कालव्यावर जिने तबकडी धरली होती, तिनेच ती उचलून दिली होती. 'तुमचं झालं आता.' मालकसुद्धा इतकं तोंडावर बोलला नव्हता.

दुपारी फोन वाजला. सरलाबाईच्या हाताला डिंक लागलेला, म्हणून तिने स्पीकर लावला.

"ताई, दाजींना विचार ना लवकर! हूक फिरतंय, काटा हलत नाही. शेठ समोर उभे आहेत."

मागून शेठने गुजरातीत विचारलं, "कोण छे?"

"कोई नथी, शेठ," ललित म्हणाला. "आपणो मजूर छे."

खोलीत दोघंच, आणि दोघांनीही ऐकलं. सरलाबाईचा चेहरा उतरला. हिलालने खिशातून पिन काढली आणि तिच्या डिंकाच्या तळहातावर ठेवली.

"नेऊन दे. चाकाच्या भोकात डावीकडून घालायची म्हणावं. जोर लावू नको म्हणावं, मोडेल."

"तुम्हीच जा ना वो," ती रडवेली होऊन म्हणाली. "तुम्ही सांगा शेठला. मी चुकले."

"मजूर कशाला जाईल तिथे? जा तू. काम अडलंय."

तिने चपला घातल्या. दारात दोनदा वळून पाहिलं, मग जिना उतरून गेली. हिलाल उठला, इस्त्रीचा सदरा काढून ठेवला. पेटीत आता फक्त रिकामं गोणपाट होतं, तरी त्याने पेटीला कुलूप लावलं. किल्ली खिळ्याकडे नेली, थोडा वेळ तशीच धरली, आणि पिन जिथे असायची त्या खिशात टाकली.