टणक गुडघे

"कोट वर कर. गुडघे बघू."

फरचा गळपट्टा घातलेली बाई वर्लीनला म्हणाली. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या त्या कोपऱ्यावर आम्ही सात-आठ काळ्या बायका दिवसभराचं घरकाम मिळावं म्हणून सकाळपासून भिंतीला टेकून उभ्या होतो. प्रत्येकीच्या काखेत कागदी पिशवी, पिशवीत कामाचा जुना झगा. गुडघ्यांना घट्टे असले की ही रांगत फरशी घासणारी आहे, हे गोऱ्या मालकिणी बरोबर ओळखायच्या. मंडईत भोपळा दाबून बघावा तसं बघायच्या. मला शिसारी यायची, आणि तरी मी रोज तिथे उभी राहायचे.

वर्लीन हार्लेममध्ये माझ्याच मजल्यावर राहायची. नवरा डेट्रॉइटला काम शोधायला गेला तो गेलाच. मागच्या आठवड्यात एका घरी मालकिणीने पोराचं अर्धं चावलेलं सँडविच जेवण म्हणून तिच्यापुढे सरकवलं होतं.

"खाल्लंस?" मी विचारलं होतं.

"खाल्लं. आणि जिन्यात ओकले."

त्या दिवशी शाळेला ऊब देणारा बॉयलर बंद पडून सुट्टी मिळाली, म्हणून वर्लीनची दहा वर्षांची कोरा आईबरोबर आली होती. थंडीने एकसारखी पाय आपटत होती.

वर्लीनने कोट वर केला. बाईने वाकून बोटाने घट्टा दाबला. "हं, टणक आहेत." मग तिची नजर कोराकडे गेली. "ही तुझी? हाडापेराने बरी आहे. हिलाही घेते, जिना पुसेल. ए पोरी, फ्रॉक वर कर."

कोरा लगेच वाकली. आईने केलं म्हणजे असंच करायचं असतं, असं तिला वाटलं असणार.

वर्लीनने तिचा हात धरला. "नाही बाईसाहेब. ती नाही."

"अगं, नुसतं बघतेय."

"माझे हवे तितके बघा. तिचे नाही."

"मग तूही नकोस. केवढा तो तोरा!"

"तोरा कसला, बाईसाहेब? लेक आहे माझी."

वर्लीनच्या घरात कोळशाचा तुकडा नव्हता, हे मला ठाऊक होतं. वाटलं, आता नरमेल, माफी मागेल. पण तिने कोट वर करताना खाली पडलेली पिशवी उचलली, झटकली आणि लेकीला घेऊन चालू लागली.

बाई माझ्याकडे वळली. "तू?"

मी कोट वर केला. ते गार बोट कातडीला लागलं. बाईची किळस जुनीच होती. आज पहिल्यांदा माझी मला आली.

बाईच्या सामानाच्या दोन पिशव्या उचलून मी मागोमाग निघाले. चौकात मान वळली. हार्लेमला जाणाऱ्या पुलाकडच्या रस्त्यावर, भर वाऱ्यात, वर्लीन उघड्या हातांनी कोराची सुटलेली वेणी घालत होती. कसलीच घाई नसल्यासारखी. पेडावर पेड. कोरा ताठ उभी होती, आणि येणारी-जाणारी माणसं त्या दोघींना वळसा घालून जात होती.

"पाय उचल गं," पुढून बाई ओरडली.