चिंगीचे दुपटे आणि माझा काटा

मित्रांनो, कोठीच्या खोलीत, मोडक्या खाटांच्या मागे, ज्याच्या परातीत जुन्या फायलींचा गठ्ठा ठेवला आहे, तो बाळांचा वजनकाटा म्हणजे मी. कुणाला झाडू हवा असला, तरच इथले दार उघडते. माझ्याशी कुणी बोलत नाही, म्हणून मीच तुमच्याशी बोलतो.

एका कारखान्यात माझी पत्र्याची परात ठोकली गेली, पोटात स्प्रिंग बसली आणि मी इस्पितळात आलो. लहान मुलांच्या वॉर्डात खिडकीजवळ मला जागा मिळाली. कितीतरी बाळांनी पहिल्याच भेटीत मला भिजवले. मी कधी रागावलो नाही. सिस्टर म्हणायच्या, "हा कधी थाप मारत नाही." ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे. वजनकाट्याला ते शोभत नाही, पण चढायचे.

मग एका थंडीत पाच महिन्यांची चिंगी आली. आधी गोवर, त्यावर न्यूमोनिया. औषधांनी ताप उतरला, खोकला मात्र हटेना. डॉक्टरीणबाईंना क्षयाची शंका आली. पण हातावर टोचून पाहिले तर गाठ उठली नाही, आणि छातीच्या फोटोतला डाग न्यूमोनियाचाच असेल असे वाटले. वजन वाढले तर घरी पाठवायचे, नाहीतर पुन्हा शोध घ्यायचा, असे ठरले.

माझा पत्रा गार, म्हणून आई चिंगीला दुपट्यात गुंडाळूनच ठेवायची. सिस्टरांनी ते दुपटे पहिल्या दिवशी तोलले होते. दोनशे ग्रॅम. रोज तेवढे वजा करायच्या. आठव्या दिवशी आईने घरून जाड दुपटे मागवले, ते कुणाच्या ध्यानात आले नाही. माझा काटा पुढे सरकला. "वाढलं गं वजन," सिस्टर म्हणाल्या, आणि आईने डोळ्यांना पदर लावला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. चिंगी हलकी झाली होती, हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होते, आणि मला तोंड असून जीभ नव्हती.

घरी जायची तयारी झाली. आईने चिंगीला उचलून खांद्यावर घेतले, दुपटे माझ्यातच राहिले. ते घ्यायला सिस्टर वाकल्या आणि थबकल्या. माझा काटा अर्ध्या किलोवर उभा होता.

"थांब जरा. हे पहिलं दुपटं नव्हे."

त्यांनी चिंगीला उघडी करून तोलले. आठवड्यात वजन घटले होते. सिस्टरांनी डॉक्टरीणबाईंना बोलावून आणले. "चूक माझी आहे," त्या त्यांना म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी आईला विचारले, "घरात कुणाला बरेच दिवस खोकला आहे का?"

"तिच्या आत्याला आहे. पण धुरानं होतो म्हणतात. चिंगी तिच्याच कुशीत झोपते."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोवरातून उठलेल्या बाळाला क्षय असला तरी हातावर गाठ उठतेच असं नाही. मीही तेवढ्यावर थांबायला नको होतं."

इतके लहान बाळ थुंकी काढून देत नाही, गिळून टाकते. म्हणून सकाळी, दूध पाजण्याआधी, नाकातून बारीक नळी घालून पोटातले पाणी काढले. त्यात क्षयाचे जंतू सापडले. आत्याच्या थुंकीतही सापडले. दोघींची औषधे सुरू झाली.

पुढे चिंगी दर महिन्याला यायची आणि माझ्या परातीवर टाचा आपटायची. एकदा तिचे पाय बाहेर लोंबले. सिस्टर हसल्या आणि तिला मोठ्या काट्यावर घेऊन गेल्या. त्यानंतर ती माझ्याकडे आली नाही. चांगलेच झाले, तरी मला वाईट वाटले.

मग सिस्टर निवृत्त झाल्या, आकडे उजळणारा नवा काटा आला, आणि माझी रवानगी इथे झाली. फायलींचे वजन रोज तेवढेच. त्या वाढत नाहीत, घटत नाहीत, रडतही नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरी तान्हे भावंड असेल, तर त्याला उघडे करून तोलायला सांगा. त्याला कुशीत घेणाऱ्यांपैकी कोण खोकते, तेही मोठ्यांच्या कानावर घाला. आणि कधी झाडू न्यायला या खोलीत आलात, तर माझ्यावरच्या फायली तेवढ्या उचला. मला एकदा शून्यावर यायचे आहे.