अर्धं पाऊल मागे

मोठ्या साहेबांबरोबर पळायचं तर अर्धं पाऊल मागे राहायचं, हे खोक्यांच्या कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे गेलात तर शेफारलात, फार मागे पडलात तर कामातून गेलात. गोदामाचा कारकून हल्ली रोज सकाळी समुद्राकाठच्या फरसबंद वाटेवर हे अर्धं पाऊल सांभाळत धापा टाकत होता. गोदामप्रमुखाची जागा रिकामी झाली होती. ती मिळाली तर दिवसभर ट्रकांच्या धुरात उभं राहणं सुटणार होतं आणि मोडलेली कंबर एकदाची खुर्चीला टेकणार होती. आणि अशा जागा कुणाला द्यायच्या, ते साहेब पळतापळताच ठरवत.

त्याची बायको त्याच कारखान्यात, खोकी बांधायच्या टेबलावर होती. ती म्हणाली होती, "जाताय तर जा. पण खुर्ची कामावर मिळवा, तोंडपुजेपणावर नको." तो "बरं बरं" म्हणाला आणि बूट घासायला बसला.

पळण्याचं एक वेळ ठीक होतं हो. पण साहेब! शी! माणूस आहे की गटार? पळतापळता एक नाकपुडी अंगठ्यानं दाबायची आणि दुसरी मोकळी करायची, तीही भर वाटेवर. मग घशातून खर्रर्र करून सगळं वर ओढायचं, तोंडात घोळवायचं आणि पचकन थुंकायचं. वर ढेकर, उकडलेल्या अंड्याचा. घामानं चिंब बनियनचा आंबूस भपकारा तर अर्ध्या पावलावरून थेट नाकात. कारकुनाला रोज मळमळायचं. साहेबांनी विनोद केला की तो मळमळ गिळून हसायचा. "वा साहेब, काय दम आहे तुमचा!" असं म्हणताना त्याला स्वतःच्याच जिभेची किळस यायची, पण जीभ काही थांबायची नाही.

त्या सकाळी वारा फिरला. साहेबांनी घसा खाकरला, मान वळवली आणि थुंकले. ते कोमट, गिळगिळीत, सगळंच्या सगळं कारकुनाच्या गालावर येऊन बसलं, थोडं ओठाच्या कोपऱ्यात. अमका तमक्याची थुंकी झेलतो, असं लोक म्हणतात ना? ते त्यानं आजवर नुसतं ऐकलं होतं.

साहेब थबकले. त्यांनी पाहिलं होतं. चेहरा चक्क ओशाळला. जन्मात पहिल्यांदा ते कुणाला तरी "माफ कर" म्हणणार होते. कारकुनानं तेवढीही उसंत दिली नाही.

"काही नाही साहेब, लाट फुटली. समुद्राचं पाणी उडालं."

भर ओहोटी होती. पाणी पार तिकडे, काळ्या चिखलापलीकडे. साहेबांनी तिकडे पाहिलं, मग याच्या गालाकडे पाहिलं, आणि पोट धरून हसत सुटले. "लेका, असाच माणूस पाहिजे मला. जा, गोदाम तुझं!"

दुपारी जेवणाच्या खोलीत साहेब स्वतः आले आणि सगळ्यांना नकला करून सांगितलं. ते खाकरणं, ते थुंकणं, ती लाट, सगळं साग्रसंगीत. लोक टेबलं बडवून हसले. कारकूनही हसला, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. आता न हसून सांगतो कुणाला?

बायको तेवढी हसली नाही. साहेब गेल्यावर तिनं डब्याचं झाकण लावलं आणि हळूच विचारलं, "अहो, मला खरं सांगा. काय होतं ते?"

तिच्या आवाजात राग नव्हता. "थुंकला गं तो माझ्यावर," एवढं म्हणाला असता तर तिनं ओल्या रुमालानं त्याचा गाल खसखसून पुसला असता, त्या साहेबाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता, आणि दोघं रडून मोकळी झाली असती. त्यानं तोंड उघडलंही. पण शेजारच्या टेबलावर कान टवकारलेले दिसले.

"समुद्राचं पाणीच होतं," तो म्हणाला.

"बरं," बायको म्हणाली. तिनं डबा उचलला आणि लांबच्या टेबलावर, त्याच्याकडे पाठ करून बसली.