बसवनगुडीचा चंद्र

बेंगळूरच्या बसवनगुडीत मराठी समाजाच्या वसतिगृहाच्या फाटकाशी एक काळा फळा होता. दर शुक्रवारी शाळेतून परतताना मथुरा त्यावर खडूनं लिहून ठेवी: उद्या गच्चीवरच्या दुर्बिणीतून काय दिसेल, किती वाजता, आणि येताना कुणी बॅटरी आणू नये. फाल्गुनातल्या त्या शुक्रवारी तिनं लिहिलं, "मृग नक्षत्रातला तेजोमेघ, सात वाजल्यापासून. संकष्टीचा चंद्रोदय, नऊ वाजून चौदा मिनिटांनी." हात झटकले आणि ती घरी गेली. दुसऱ्या ओळीनं समाजात आग लागेल असं तिच्या मनात आलं नव्हतं, आणि आलं असतं तरी तिनं तेच लिहिलं असतं.

आग लागण्याचं कारण असं की पुण्याहून येणाऱ्या पंचांगात चंद्रोदय नऊ चौतीसचा होता.

आता बेंगळूरच्या मराठी घरांत पुण्याचं पंचांग कशाला, असं कुणी विचारील. तर ही घराणी शहाजीराजांच्या मागोमाग इथं आली. तीनशे वर्षांत त्यांचं जेवण बदललं, लुगडी बदलली, मराठीत निम्मं कानडी मिसळलं. राहता राहिलं पंचांग. ते दरवर्षी पाडव्याच्या आधी पुण्याहून टपालानं येई आणि देव्हाऱ्याच्या बाजूला खिळ्याला टांगलं जाई. त्यातली वेळ पुण्याची असते हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती बेंगळूरची नसते, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मथुरा मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. दुर्बीण तिच्या नवऱ्यानं, येसाजीनं केलेली. तो एका कारखान्यात लेथवर होता, बोलायला कमी आणि हाताला पक्का. जुन्या बाजारातून जहाजाच्या खिडकीची जाड काच आणून त्यानं सव्वा वर्ष ती दुसऱ्या काचेवर घासली आणि सहा इंची आरसा केला. वसतिगृहाच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला लागून सिमेंटचा ओटा घातला, त्यावर दुर्बीण बसवली आणि गच्चीची किल्ली बायकोच्या हातात दिली. पहिल्या वर्षी दर शनिवारी पाच-सात माणसं येत. मग बासष्टच्या फेब्रुवारीत अष्टग्रही आली. जग बुडणार म्हणून लोक रडकुंडीला आले, तेव्हा मथुरानं रोज संध्याकाळी गच्ची उघडून, फळ्यावर आकृती काढून, काही होणार नाही असं ठणकावून सांगितलं. जग बुडालं नाही आणि शनिवारची रांग जिन्यावरून खाली फाटकापर्यंत येऊ लागली.

वसतिगृहाचे अध्यक्ष प्रतापराव यांना ही रांग खुपत होती. अष्टग्रहीच्या दिवसांत खालच्या दिवाणखान्यात त्यांनी थाटामाटात होम करवला होता आणि जग वाचलं ते त्यामुळं, असं त्यांचं स्वच्छ मत होतं. लोक मात्र गच्चीचं नाव घेत होते.

शनिवारी सकाळी ते पंचांग काखेत घेऊनच मथुराच्या दारात उभे राहिले.

"अक्का, फळ्यावरचं पुसून टाका," ते म्हणाले. "बायका दिवसभर उपाशी असतात. तुमच्या भरवशावर वीस मिनिटं आधी ताटावर बसल्या तर व्रत मोडंल. पाप कुणाच्या माथी?"

"अण्णा, चंद्र उगवल्यावर जेवायचं ना?"

"चंद्रोदयाला जेवायचं."

"मग इथला चंद्रोदय नऊ चौदाला आहे. पुणं आपल्या पश्चिमेला. तिथं सगळंच उशिरा उगवतं."

"तीनशे वर्षं आपली माणसं चुकली म्हणता?"

"तीनशे वर्षं कुणी गच्चीवर चढून पाहिलं नाही म्हणते."

प्रतापरावांचा चेहरा लाल झाला. दाराआड मथुराची सासू सोयराबाई उभी होती, तिचाही झाला. प्रतापराव काही वाईट माणूस नव्हते, पण समाजातल्या बाईनं आपल्याला दारात उभं करून पुण्याचा पत्ता समजावून सांगावा हे त्यांना सोसलं नाही.

"सरी, ठरलं," ते म्हणाले. "आज रात्री सगळ्यांना घेऊन गच्चीवर येतो. चंद्र तुमच्या वेळेला आला तर गच्ची तुमची, पुन्हा शब्द काढणार नाही. नाही आला तर किल्ली माझ्याकडं, आणि दुर्बीण येसाजीनं घरी न्यावी. आणि आला की नाही ते सोयराअक्का सांगतील. समाजात त्यांच्याएवढी कडक संकष्टी कुणाची नाही."

घरी न्यायची म्हणजे कुठं, हे मथुरा जाणून होती. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरातून आभाळाचा पंचाएवढा तुकडा दिसे. दुर्बीण तिथं गेली की संपलीच. शनिवारी जिन्यावर उभी राहणारी माणसं, तिच्या शाळेच्या मुली, चष्मा सावरत येणारे म्हातारे पोस्टमास्तर, सगळं संपलं. तरी तिनं क्षणभरही विचार केला नाही.

"चालेल," ती म्हणाली.

सोयराबाईनं मात्र दिवसभर तोंड फुगवलं. एक्केचाळीस वर्षं तिनं संकष्टी चुकवली नव्हती. बाळंतपणातही नाही. शेजारच्या गंगव्वालाही संकष्टी असे, पण तिचं पंचांग इथलं, कानडी. ती पंधरा-वीस मिनिटं आधीच चंद्राला अर्घ्य देऊन जेवून मोकळी व्हायची, आणि तिच्या भांड्यांचा आवाज भिंतीपलीकडून आला की सोयराबाई दर महिन्याला तेच म्हणायची: "बसली बघ. तिला दम म्हणून नाही." गंगव्वाच्या कानावर हे जात असणार. भिंत पातळ होती.

"आत्याबाई, रुसलात?" दुपारी मथुरानं विचारलं.

"मी डोळ्यानं बघते ना ग. पंचांगातली वेळ झाली की मागच्या दारातून बरोब्बर त्या नारळावर चंद्र दिसतो. एक मिनिट इकडं-तिकडं नाही. पंचांग खोटं कसं?"

मथुराला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. हेच तर खरं कोडं होतं आणि ते तिनं गेल्याच महिन्यात सोडवलं होतं. "चंद्राला त्या नारळावर चढायला वीस मिनिटं लागतात, आत्याबाई. तो येतो वेळेवर. आपल्याला दिसतो उशिरा. गंगव्वा माडीवर जाऊन बघते, तिथनं नारळ आड येत नाही."

सोयराबाईनं तिच्याकडं रोखून पाहिलं. "मी जे दिसंल तेच सांगणार. सून म्हणून एक अक्षर जास्त नाही."

"मला तेवढंच पाहिजे," मथुरा म्हणाली.

संध्याकाळी सातपासून गच्ची भरली. नेहमीच्या रांगेनं मृगातला तेजोमेघ बघितला, पण आज त्यात कुणाचं मन नव्हतं. साडेआठला प्रतापराव समाजातल्या पंचवीस-तीस बायका-माणसांना घेऊन वर आले. बायकांच्या हातांत अर्घ्याचे तांबे, दूर्वा, झाकलेली ताटं. वेळेवरून वाद नको म्हणून प्रतापराव नवाला पुन्हा खाली जाऊन रेडिओच्या टोल्याला घड्याळ लावून आले आणि ते हातात धरूनच उभे राहिले.

मथुरानं पूर्वेच्या कठड्यावर, जरा दक्षिणेकडं, खडूनं एक फुली मारून ठेवली होती. त्या दिशेला लालबाग उद्यानाची झाडं एक काळी रेघ होऊन पसरलेली. येसाजीनं दुर्बीण त्या रेघेवर वळवली, नीट लावली आणि बाजूला झाला.

"नऊ चौदा," प्रतापराव म्हणाले.

सगळ्यांच्या माना पूर्वेकडं वळल्या. तिथं काही नव्हतं. काळी रेघ आणि तिच्यावर उन्हाळ्याची धूळ.

"नऊ पंधरा." मागं कुणीतरी बाई उसासली. "नऊ सोळा. अक्का, किल्ली."

येसाजीनं बायकोकडं पाहिलं. आकडेमोड मथुरानं तीनदा केली होती आणि तिन्ही वेळा उत्तर एकच आलं होतं. पण आकडेमोडीतलं क्षितिज सपाट असतं आणि लालबागेचं नसतं, हे तिला आत्ता, सगळ्यांसमोर, आठवलं. नारळाचं कोडं सासूला समजावणाऱ्या बाईनं लालबागेची झाडं हिशेबात धरली नव्हती. तिला स्वतःचा रागच आला. पण पदर खोचून ती ओट्यावर चढली तेव्हा तिचा आवाज शाळेतल्यासारखाच खणखणीत होता.

"चंद्र उगवलाय. झाडांमागं आहे. आत्याबाई, इकडं या."

"झाडांमागचं कुणालाही सांगता येतं," प्रतापराव म्हणाले.

"म्हणूनच मी सांगत नाही, अण्णा. त्या सांगतील."

सोयराबाई ओट्याच्या दोन पायऱ्या सावकाश चढली. तांबा तिनं सुनेच्या हातात दिला नाही, डाव्या हातात तसाच धरला, आणि वाकून भिंगाला डोळा लावला. प्रतापरावांनी घड्याळ कानाला लावून बघितलं, जणू तेच बंद पडलं असावं.

"काय दिसतं, अक्का?" त्यांनी विचारलं.

"पानं."

"पानं?"

"झाडाची पानं. काळी. उलटी लोंबतायत." सोयराबाई थांबली. "आणि त्यांच्या मागं तांब्यासारखं लाल, गोल. पण हे वरून खाली का उतरतंय ग?"

"या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं, आत्याबाई. म्हणजे वर चढतोय."

सोयराबाईनं डोळा काढला नाही. कितीतरी वेळ ती तशीच वाकून राहिली. पानं एकेक करून सुटत होती आणि लाल कड मोठी होत होती. एक्केचाळीस वर्षांत चंद्र तिनं पाचशे वेळा पाहिला असेल, पण इतका खाली, इतका ओला, नुकता निघालेला असा कधीच नाही. मग ती सरळ झाली, प्रतापरावांकडं वळली आणि सबंध गच्चीला ऐकू जाईल असं म्हणाली, "आला. मी डोळा लावायच्या आधीच आलेला होता."

"अक्का, पंचांगात नऊ चौतीस..."

"ते पुण्याला. पुणेकरांना अजून बसू दे उपाशी. आमचा आला."

आणि तिनं तिथंच, ओट्यावर उभं राहून, पूर्वेला तोंड करून अर्घ्य सोडलं. पाणी सिमेंटवर पडलं तोवर झाडांच्या रेघेवर साध्या डोळ्यांनाही लाल कोर दिसू लागली होती. बायकांत हालचाल झाली, तांबे पुढं आले. दोघी-तिघी अजून प्रतापरावांच्या घड्याळाकडं बघत होत्या, पण सोयराबाईनं मोदक मोडून तोंडात टाकला तशा त्याही मुकाट्यानं पुढं झाल्या.

प्रतापराव शेवटी दुर्बिणीशी आले. वाकले, बराच वेळ बघितलं.

"स्वल्प धूसर आहे," ते म्हणाले.

"धूळ आहे, अण्णा. पाच मिनिटांत साफ होईल. थांबा."

ते थांबले. पाच मिनिटांनी त्यांनी पुन्हा बघितलं, आणि मग तिसऱ्यांदा रांगेत उभं राहून बघितलं. खाली उतरताना जिन्याशी थबकून ते मथुराला म्हणाले, "किल्ली ठेवा तुमच्याकडं. पुढच्या संकष्टीची वेळ जरा आधी लिहा. लोकांना निरोप द्यावे लागतात."

"झाडं धरून लिहीन," मथुरा म्हणाली.

कुलूप लावून ती सासूबरोबर घरी निघाली. येसाजी पुढं चालत होता. घराशी आल्यावर सोयराबाई आपल्या दाराकडं वळली नाही. झाकलेलं ताट घेऊन ती गंगव्वाच्या दारात गेली आणि कडी वाजवली. इतक्या वर्षांच्या शेजारात संकष्टीच्या रात्री तिनं ती कधी वाजवली नव्हती.

गंगव्वानं दार उघडलं. आत तिची घासलेली भांडी पालथी घातलेली होती. तिनं ताटातले मोदक बघितले, सोयराबाईकडं बघितलं, मागं उभ्या मथुराकडं बघितलं.

"इदेनु, हे काय, अक्का," ती गोंधळून म्हणाली, "आज जेवण झालंसुद्धा? इतक्या लवकर?"

"लवकर नाही ग," सोयराबाई म्हणाली आणि पहिला मोदक तिच्या हातावर ठेवला. "आज वेळेवर."