मिठाच्या पाण्यातलं प्रथिन

सोमवार. पेशी जिवंत.
मंगळवार. पेशी जिवंत, वर मजेत वाढलेल्या.
बुधवार. इंद्रजीत. (खोडलं.)

मनस्विनीच्या वहीत आठवडाभर असंच चाललं होतं. कर्करोगाच्या पेशींवर ती जे प्रथिन टाकत होती, ते जिवाणूंकडून बनवून घेतलेलं. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा बिघडलेल्या पेशीला ‘आता मर’ असा निरोप धाडते, तोच निरोप. आधी पेशी निमूट मरत होत्या. मग एकदा प्रथिनाची कुपी तिला कमी भरलेली वाटली, आणि शेजारच्या टेबलावरचा प्रयोगशाळेतला मदतनीस इंद्रजीत डोळ्यांत खुपू लागला. प्रथिन काढून वर थोडं पाणी भरलं असणार. दुसरं काय?

तेव्हापासून तिनं इंद्रजीत भरायचा त्या द्रावणाच्या सामायिक बाटलीला हात लावला नाही. प्रथिन पातळ करायला मिठाचं द्रावण स्वतः बनवायचं, पर्समध्ये ठेवायचं.

आता एकच कुपी उरली होती. प्रबंधाचा शेवटचा आलेख तिच्यावर.

ती तक्रार घेऊन तिच्या मार्गदर्शक उमा मॅडमकडे गेली. मॅडमनी सगळं ऐकलं.

“पातळ कशात करतेस?”

“माझ्या द्रावणात. त्याच्या बाटलीचा भरवसा नाही.”

“अल्ब्युमिन घातलंस त्यात?”

“नाही. नुसतं मीठ आणि पाणी.”

“अगं, इतकंसं प्रथिन नुसत्या मिठाच्या पाण्यात नळीच्या प्लॅस्टिकला चिकटून बसतं. म्हणून तर इंद्रजीत दर सोमवारी त्या बाटलीत अल्ब्युमिन घालतो; ते साधं प्रथिन प्लॅस्टिकला आधी चिकटतं आणि आपलं वाचतं. पेशींना तू पाणीच पाजलंस.”

कुपी कमी कशी झाली, ते मॅडमनाही सांगता आलं नाही.

दार उघडंच होतं. बाहेर इंद्रजीत बाटली घेऊन उभा.

“घ्या ताई. आधी मी पिऊन दाखवू का?”

तिनं बाटली उजेडात धरली. स्वच्छ. स्वच्छ तर विषही दिसतं! पण इलाज नव्हता. शेवटची कुपी तिनं त्यातच पातळ केली. आणि पेशींच्या ताटलीतल्या सहा खान्यांत प्रथिन न घालता नुसतं बाटलीतलं द्रावण टाकलं; बाटलीतच काही असेल, तर याही पेशी मरतील. संशयाचे सहा खाने.

दुसऱ्या दिवशी प्रथिनाच्या खान्यांतल्या पेशी गोल होऊन तळापासून सुटल्या होत्या. मेलेल्या. तिनं ते सहा खाने भिंगाखाली सरकवले.

मग उठून इंद्रजीतला खुर्ची दिली.

“बघ.”

त्यानं बराच वेळ पाहिलं. “जित्या हायेत सगळ्या. लई छान. पण मॅडमला काय सांगणार?”

“तू सोबत चल. चूक माझीच होती, ते तुझ्यासमोर सांगते.”