शिवलेल्या टायरची सायकल

मी एक जुनी सायकल आहे, आणि हे सांगताना मान खाली घालायचं मला काही कारण दिसत नाही. माझा रंग उडाला आहे, मडगार्डला पोचा आला आहे, घंटी खोकल्यासारखी वाजते. वाजू दे. मित्रांनो, मी रडगाणं गायला आलेले नाही. मला भंगारात काढायचं ठरलं होतं आणि मी गेले नाही, ती हकीकत सांगायला आले आहे.

माझा जन्म कारखान्यातला. नळ्या जोडल्या गेल्या, हिरवा रंग चढला, चाकांच्या तारा ताणल्या गेल्या आणि मी दुकानाच्या दारात उभी राहिले. तिथून मला एका तरुण मुलीने नेलं. बसगाड्यांच्या सीटांना रेक्झिनची कव्हरं शिवायच्या कामावर ती नुकतीच लागली होती. सगळे तिला शिलाईताई म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. आल्या आल्या तिने उरलेल्या निळ्या रेक्झिनचं एक कव्हर माझ्या सीटला शिवलं. हिरव्या सायकलीला निळी सीट! आम्ही वर्कशॉपच्या फाटकातून आत शिरलो की पहारेकरी ओरडायचा, "आली बघा बसगाडी!" मला ते फार आवडायचं. ते कव्हर पावसात भिजलं, उन्हात तापलं, पण त्याचा एक टाका कधी उसवला नाही.

वर्कशॉपच्या अलीकडे रस्त्याला फाटा होता. डावीकडे वर्कशॉप, उजवीकडे डोंगरामागचा तलाव. रोज आम्ही डावीकडे वळायचो आणि रोज शिलाईताई एकदा उजवीकडे बघून घ्यायची. तिचं लग्न झालं, मुलगा झाला, तो माझ्या दांड्यावर बसून शाळेत गेला, मोठा होऊन टेम्पो चालवू लागला. आम्ही आपल्या डावीकडेच.

मग वर्कशॉपने कामगारांना ने-आण करायला गाडी सुरू केली आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. एका जाड साखळीने मला कठड्याला बांधलं, कुलूप घातलं, अंगावर जुनी चादर टाकली. "जपून ठेवली आहे हं," असं पाहुण्यांना सांगायचे. जपून! चाकं खाली बसली, चेन गंजली, कॅरिअरवर मोडका पंखा येऊन बसला. खरं सांगते, मला रडू येत नसे, राग येत असे.

शिलाईताई निवृत्त झाली तेव्हा ऐन उन्हाळा होता. एका दुपारी तिने पंखा उचलून बाजूला ठेवला, माझ्यावरची चादर ओढली आणि घरात जाहीर करून टाकलं, "मी सायकलवरून तलावावर जाणार. एकटी. रात्री तिथेच तंबूत राहणार."

सगळ्यांनी घर डोक्यावर घेतलं.

"आई, बाहेर ऊन बघितलंत का?" सूनबाई म्हणाली. "माणसं भाजून निघतायत."

"बघितलं. टोपी घेते."

"आणि या खटाऱ्यावर जाणार?" मुलाने विचारलं. "मी टेम्पोने सोडतो ना तुला."

"टेम्पोने गेले तर तू गेलास. मी कुठे गेले?"

मुलाने हात टेकले, पण जाता जाता अट घातली. "ठीक आहे. ये म्हणून तुझा एक जरी फोन आला, तर मी येईन. पण मग ही सायकल टेम्पोतून थेट भंगारवाल्याकडे. पुन्हा सायकलचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल."

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मीही कबूलच म्हटलं असतं.

शिलाईताईने कॅनव्हासचा तंबू स्वतः शिवला, मला तेलपाणी केलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी मुलाने माझ्यात हवा भरली. अट घातली तरी आईची काळजी त्याला होतीच. त्या काळजीपोटी त्याने टेम्पोच्या सवयीने माझी चाकं दगडासारखी टणक करून ठेवली. माझे टायर जुने, कडेला तडे गेलेले. उन्हात हवा आतल्या आत फुगते, म्हणून अशा टायरात ती जरा कमीच ठेवायची असते. पण सायकलीचं ऐकतो कोण?

सकाळी आम्ही निघालो. फाट्याशी माझं हॅंडल सवयीने डावीकडेच वळलं. शिलाईताईने ते ओढून धरलं. "अगं, इकडे!" म्हणाली आणि हसली. आम्ही उजवीकडे वळलो.

ऊन चढत गेलं. डांबर मऊ होऊन चाकांना चिकटायला लागलं. माझ्या दांड्याचा तिच्या पायाला चटका बसायचा आणि ती मलाच दटावायची. चढावर ती उतरून मला ढकलत चालली, झाडाखाली बसून तिने धापा टाकल्या, पण मागे वळून बघितलं नाही. पाणी संपलं तेव्हा एका पेट्रोल पंपावर थांबलो. ती बाटली भरायला आत गेली आणि मी बाहेर भर उन्हात उभी. तेवढ्यात फटाका फुटावा तसा आवाज झाला. माझं मागचं चाक होतं ते.

पंपावरचा माणूस धावत आला. वाकून बघून म्हणाला, "मावशी, ट्यूब तर गेलीच, पण टायरही कडेला फाटलाय. नवी ट्यूब घातली तरी या फटीतून बाहेर येईल. इथे जवळपास टायर मिळायचा नाही. घरी फोन करा."

मित्रांनो, त्या क्षणी मला भंगारवाल्याचा वजनकाटा दिसला. शिलाईताई घामाने निथळत होती, चेहरा लालबुंद झाला होता. तिने फोन काढला असता तर मी तिला दोष दिला नसता. तिने पिशवीत हात घातला, आणि बाहेर काढली ती तंबूसाठी आणलेली वाकडी सुई आणि मेणाचा दोरा.

"टायर काय शिवणार तुम्ही?" पंपवाला म्हणाला.

"मग काय झालं? जन्मभर सीटा शिवल्या. तुम्ही जरा सावली करून उभे राहा."

आतून लावायला भक्कम तुकडा हवा होता. तिने इकडेतिकडे बघितलं आणि मग माझ्या सीटकडे. ते निळं कव्हर तिने बोटांनी एकदा चाचपलं. "माफ कर गं," म्हणाली आणि कात्री चालवली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? माझी तेवढीच एक ऐट होती. पण तुकडा टायरच्या आत बसला, वरून दुहेरी शिवण पडली, बरोबर आणलेली ट्यूब त्यावर चढली. हवा तिने अंगठ्याने दाबून दाबून बेतानेच भरली. पंपवाल्याने चाक फिरवून बघितलं आणि तिची बाटली पुन्हा गार पाण्याने भरून आणली.

उन्हं कलायच्या आत आम्ही तलावावर होतो. तिने मला पार पाण्यापर्यंत नेलं आणि स्वतःचे पाय पाण्यात सोडून बसली. मग मुलाचाच फोन आला.

"पोचलीस? काही झालं नाही ना?"

"झालं की. टायर फाटला. शिवला."

"टायर शिवला? आई, टायर कुणी शिवतं का?"

"मी शिवते," ती म्हणाली. "ठेव आता, मला तंबू लावायचाय."

दुसऱ्या दिवशी घरी आलो तर दारात भंगारवाला काटा घेऊन उभा. मुलाला एवढी खात्री होती की त्याने आधीच निरोप देऊन ठेवला होता, आणि तो मागे घ्यायचं विसरला होता. मुलगा ओशाळून माझ्या चाकाशी उकिडवा बसला, शिवणीवरून अंगठा फिरवत राहिला.

"हवा कमी वाटतेय," तो हळूच म्हणाला. "भरू?"

"तू हात लावू नकोस," शिलाईताई म्हणाली, आणि दोघंही हसले.

"ताई, मग मी काय नेऊ?" भंगारवाला वैतागला.

शिलाईताई जिन्याखाली गेली. मला बांधून ठेवायची ती साखळी तिने कुलपासकट आणली आणि त्याच्या काट्यावर टाकली.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी असंच चादरीखाली जपून ठेवलेलं असेल. ती चादर ओढा. आम्हाला तेल द्या, बेताची हवा द्या आणि बाहेर काढा. फाटलो तर शिवा. दया नको आम्हाला, रस्ता हवा. माझ्या सीटचं कव्हर अजून कापलेलंच आहे आणि मला त्याची लाज नाही. आता फाटा आला की माझं हॅंडल आपणहून उजवीकडे वळतं.